घरातील पाळत आणि हातातील फोन



कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे. फोन आणि इंटरनेट हा विषय त्याने कशासाठी घ्यावा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात आहे. आमच्या कचेरीत बिडी कामगार भगिनींचे फंडाचे अर्ज भरले जातात. पूर्वी अर्जावर अंगठा उठवला की काम भागे. आता अंगठ्याच्या जागी ओटीपी नावाचा आकडा आला आहे, आणि तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. बाई अर्ज घेऊन समोर बसलेली असते, वीस वर्षे बिड्या वळून साठवलेला पैसा तिचा असतो, आणि त्या पैशाची किल्ली मात्र त्या क्षणी नवऱ्याच्या खिशात वाजत असते. पुष्कळ घरांत यात काही वावगे नाही. नवरा फोनवरून आकडा सांगतो आणि अर्ज पुढे जातो. परंतु एखादी भगिनी आवाज खाली करून म्हणते, “दादा, आज नको. तो नंबर ह्यांच्याकडे असतो.” त्या ‘आज नको’मध्ये काय काय दडलेले असते, ते मला आज शक्य तितके उलगडून सांगायचे आहे.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. त्यामुळे यंत्राच्या पोटातील गोष्टी मी तेवढ्याच सांगेन जेवढ्या स्वतः उघडून पाहिल्या आहेत किंवा जाणकारांकडून पडताळून घेतल्या आहेत. पण पाळत म्हणजे काय, हे आम्हा कामगारांना कोणी शिकवावे लागत नाही. मुकादम किती वेळा पाणी प्यायला उठलात ते मोजतो, हजेरीची चोपडी त्याच्याच हाती असते. अलीकडे नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जागा दाखवणारी घड्याळे बांधली, तेव्हा त्या कामगारांना जी घुसमट झाली ती आम्हाला लगेच समजली. तरीही कारखान्यातून माणूस संध्याकाळी सुटतो. घरातली पाळत सुटीवाचूनची असते.

प्रथम या प्रश्नाची व्याप्ती पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या निघाल्या अवघ्या १४ टक्के. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बाकीच्या गप्प. त्याच पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया साधारण निम्म्याहून थोड्याच अधिक भरल्या. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते: जिला बोलायचे आहे तिच्याकडे पुष्कळदा स्वतःचा फोन नाही, आणि असला तर तो स्वतःचा राहिलेला नाही. छळ सोसणारे केवळ स्त्रियाच असतात असेही नाही. पेन्शनचे खाते मुलाने ताब्यात घेतलेले वृद्ध आईबाप आहेत, काही पुरुष आहेत, घरच्यांच्या धाकातले तरुण आहेत. मी बहुतेक ठिकाणी ‘ती’ म्हणेन, कारण आमच्या कचेरीत बहुधा तीच येते.

आता मुख्य मुद्दा. वर्तमानपत्रांत, बँकांच्या जाहिरातींत इंटरनेटवरील सुरक्षिततेचे जे सल्ले येतात, ते सगळे एका गृहीतावर उभे आहेत. चोर बाहेरचा आहे, दूर कुठे तरी खोलीत बसलेला आहे, त्याला तुमचे नाव ठाऊक नाही, असे ते गृहीत. म्हणून सांगतात, परवलीचा शब्द कोणाला सांगू नका, जन्मतारीख ठेवू नका. ज्या घरात चोर आणि मालक एकाच ताटात जेवतात तेथे हा सल्ला कुचकामी आहे. कुंपणच शेत खाते आहे. जन्मतारीख त्याला पाठ आहे. लहानपणीची शाळा, पहिल्या गुरुजींचे नाव, असल्या गुप्त प्रश्नांची उत्तरे त्याला लग्नाच्या बैठकीतच कळलेली आहेत. फोन त्यानेच विकत आणला, त्यातले गूगलचे खाते दुकानात बसून त्यानेच उघडून दिले. परवलीचा शब्द बदललाच, तर झोपलेल्या बायकोचे बोट फोनला लावणे किती अवघड आहे? न्यूयॉर्कमध्ये अशा पीडितांबरोबर काम करणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हेच दाखवून दिले की, पाळत ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना कसलीही विशेष विद्या लागत नाही. फोन जसा सर्वांना वापरता येतो तसाच तेही वापरतात. भगिनी म्हणतात, “त्यांनी माझा फोन हॅक केला.” प्रत्यक्षात शंभरांतल्या पुष्कळ वेळा कुलूप फोडलेलेच नसते, दुसरी किल्ली आधीपासून त्याच्याजवळ असते. हे समजणे फार धीराचे आहे. कारण जादू केली असेल तर उपाय नाही, किल्ली असेल तर ती शोधून काढता येते.

या किल्ल्यांपैकी सर्वांत मोठी किल्ली म्हणजे सिमकार्ड, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सिम कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे बायकोचे, आईचे, मुलीचे सिम घरातल्या पुरुषाच्या कागदपत्रांवर घेतलेले असते. ज्याच्या नावावर सिम, तो दुकानात जाऊन त्याच नंबराचे दुसरे सिम काढू शकतो किंवा नंबर बंद पाडू शकतो. नंबर गेला की त्याला बांधलेले सगळेच जाते: बँकेचा ओटीपी, फंडाचा ओटीपी, गॅसची नोंदणी, व्हॉट्सॲप. २०२४ साली सुरू झालेल्या माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये बाईच्या खात्यात जमा होतात. पण जमा झाल्याचा संदेश कोणत्या फोनवर येतो, हे एकदा विचारून पाहा. पैसा तिच्या नावाने येतो आणि बातमी त्याला लागते. संध्याकाळपर्यंत पैसाही त्याला लागतो.

यावर इलाज आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. आधी तिच्या स्वतःच्या आधारवर तिचे सिम घ्यावे. मग आधारला तो नंबर जोडावा. येथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आधार केंद्रात स्वतः जाऊन बोटांचे ठसे दिले की नंबर बदलता येतो. त्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी यावा लागत नाही. म्हणजे नवऱ्याचा फोन हाती नसला तरी अडत नाही. त्यानंतर बँकेच्या शाखेत लेखी अर्ज, आणि त्यानंतर फंड. मात्र नंबर बदलल्याची सूचना काही बँका जुन्या नंबरावरही धाडतात. म्हणून ज्या घरात एवढ्यावरून हात उगारला जाईल तेथे जुन्या खात्याला न शिवता, दुसऱ्या बँकेत नव्या नंबरावर नवे खाते उघडणे शहाणपणाचे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे पाहण्याची सोय केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर २०२३ पासून आहे. तिच्या नावावर तिला ठाऊक नसलेला नंबर तेथे निघाला, तर त्याची चौकशी केली पाहिजे.

दुसरी किल्ली गूगलच्या खात्याची. अँड्रॉइडचा फोन घेतला की हे खाते लागतेच. संपर्काची वही, फोटो, काय शोधले त्याची यादी, हे सगळे फोनमध्ये असते असे आपल्याला वाटते. पुष्कळसे या खात्यात असते. खात्याचा शब्द ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्या गावात बसून आपल्या फोनवर ते उघडू शकतो. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलच्या खात्यात ‘सिक्युरिटी’ या सदराखाली हे खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे त्याची यादी मिळते. आपल्या घरात नसलेले किंवा आपण न वापरलेले यंत्र त्यात दिसले तर समजावे. तेथेच खाते परत मिळवण्यासाठी कोणाचा नंबर दिलेला आहे तेही पाहावे. शब्द दहादा बदलला आणि तो नंबर त्याचाच राहिला तर श्रम वाया. गूगलच्या नकाशात ‘लोकेशन शेअरिंग’ म्हणून एक सोय आहे, ती कोणासाठी कायमची चालू करून ठेवलेली आहे का, हेही तपासावे.

तिसरी व्हॉट्सॲपची. बिलाखाली कार्बन घालून दुसरी प्रत काढतात ना, तसेच हे आहे. फोन मिनिटभर हाती लागला, चौकोनी ठिपक्यांचे चित्र दाखवले, की तिचे व्हॉट्सॲप त्याच्या संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर जोडले जाते. एका खात्याला अशी चार यंत्रे जोडता येतात. त्यानंतर तिचा फोन बंद असला तरी दुसरीकडे संदेश उमटत राहतात. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या जागी त्याची यादी असते, तेथून एकेक काढताही येते. आमच्या कचेरीत आम्ही सर्वांत प्रथम हेच पाहतो, कारण पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मे कोडे तेथेच सुटते.

याखेरीज कितीतरी लहान फटी असतात. पेट्रोलपंपावर कार्डाने पैसे दिले की दुकानाचे नाव संदेशात येते. गाडीच्या फास्टॅगचा संदेश खातेदाराला जातो. माहेरी निघालेली बाई टोलनाका ओलांडते न ओलांडते तोच त्याला कळते की ती कोणत्या रस्त्याला आहे. भाड्याच्या मोटारीचे ॲप, जेवण मागवायचे ॲप, सामायिक खात्यावर असेल तर पत्ता लिहूनच देते. मुलांच्या शाळेचे ॲप दोघांकडे असते. सोसायटीच्या फाटकावर कोण आले कोण गेले ते फोनवर कळवणारी व्यवस्था असते. यांपैकी एकही वस्तू छळासाठी बनवलेली नाही.

छळासाठीच विकली जाणारी वस्तूही आहे. चोरून बसवायची हेरगिरीची ॲप्स ‘मुलांची काळजी’ किंवा ‘कर्मचाऱ्यांवर देखरेख’ अशा सोज्वळ नावांनी विकली जातात. एकदा बसवले की संदेश, फोटो, जागा, काही वेळा आजूबाजूचे बोलणेसुद्धा दुसरीकडे जाते. ते बसवायला बहुधा फोन काही मिनिटे उघडा हातात मिळावा लागतो. फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, ही त्याची लक्षणे म्हणून सांगतात. पण जुना फोन एरवीही गरम होतो, तेव्हा या लक्षणांवर फार विसंबू नये. त्यापेक्षा पक्की खूण ही की, नवरा जे बोलून दाखवतो ते त्याला कोठून कळले याचा मेळ दुसऱ्या कोणत्याच वाटेने बसत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ नावाचा पहारा असतो, तो आपण न करता बंद झालेला आढळला तर संशय घ्यावा. ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ या सदरांत अनोळखी नाव आहे का तेही पाहावे. ही ॲप्स विकणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी एवढेच सांगतो की, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ साली स्पायफोन नावाच्या अशा एका कंपनीला या धंद्यातून बाहेर काढले, आणि एमस्पाय नावाच्या दुसऱ्या कंपनीचा साठा एकाहून अधिक वेळा फुटला. म्हणजे बायकोवर पाळत ठेवणारा तिच्या खाजगी गोष्टी प्रथम कंपनीच्या हवाली करतो, आणि तेथून त्या जगात कोणाच्या हाती पडतील याची त्यालाही खबर नसते.

ॲपल कंपनीने २०२१ साली एअरटॅग नावाची बटणासारखी वस्तू काढली. हरवलेली किल्ली सापडावी म्हणून ती होती. लोकांनी ती बायकांच्या पर्सच्या अस्तरात आणि स्कूटरच्या सीटखाली घातली. ओरड झाली. मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल या दोघांच्या फोनवर ‘तुमच्याबरोबर एक अनोळखी वस्तू फिरत आहे’ अशी सूचना येण्याची सोय झाली आहे. अशी सूचना आली तर घाबरून ती फेकून देऊ नका. कोठे सापडली त्याचा फोटो काढा, आणि शक्यतो पोलीस ठाण्याजवळ किंवा माणसांत असतानाच ती हाताळा.

येथपर्यंत ऐकून एखादा उत्साही भाऊ आज रात्रीच आपल्या बहिणीचा फोन घेऊन सगळ्या किल्ल्या काढायला बसेल. कृपा करून तसे करू नका. आजच्या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी आता सांगतो आहे. पाळत एकदम तोडली की पाळत ठेवणाऱ्याला त्याच क्षणी कळते. व्हॉट्सॲपची जोडणी काढली की त्याच्या पडद्यावरून ते नाहीसे होते. जागा दिसायची बंद झाली की त्याला वाटते, ही आता हातातून निघाली. छळणाऱ्या माणसाचा हात सर्वांत जड पडतो तो बाई घराबाहेर पडण्याच्या बेतात असते त्या सुमारास, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांनी पाहिलेले आहे. आम्ही संपाची नोटीस देतो ती घरात महिन्याचा शिधा भरल्यावर, वकिलाशी बोलल्यावर, कोण कोणाच्या घरी राहील हे ठरल्यावर. आधी घोषणा आणि मग शिधा, असा संप आठ दिवसांत मोडतो. येथेही तोच क्रम. किल्ल्या कोठे कोठे आहेत ते गुपचूप पाहून घ्यावे, हात लावू नये. जिची तयारी झालेली नाही तिने जुना फोन जसा आहे तसा चालू ठेवावा. भाजी, नातेवाईक, मुलांचा अभ्यास हे बोलणे त्यावरच चालू द्यावे. मदतीचे बोलणे मात्र दुसऱ्या फोनवरून करावे.

हा दुसरा फोन कोणाचा? पाळतीची किल्ली जिथवर पोचलेली नाही अशा कोणाचाही: कामावरची मैत्रीण, आशा ताई, संघटनेची कचेरी. नणंदेचा किंवा मुलाचा शक्यतो नको. मूल आईवर प्रेम करते आणि बापाच्या एका आरोळीने सारे सांगूनही टाकते, त्यात त्याचा दोष नाही. नवे ईमेल खाते उघडायचे तर ते त्या दुसऱ्या फोनवरच उघडावे, त्याला जुना नंबर जोडू नये, आणि जुन्या फोनवर ते एकदाही उघडू नये. आपल्याच फोनवर काही शोधणे भाग असेल तर ‘इन्कॉग्निटो’ खिडकी वापरता येते, तिची नोंद फोनच्या इतिहासात राहत नाही. पण हेरगिरीचे ॲप बसवलेले असेल तर त्या खिडकीतलेही त्याला दिसते. इतिहास पुसताना संपूर्ण पुसू नये, कोऱ्या पाटीनेच संशय येतो. नेमकी तेवढीच ओळ पुसावी. मदतीच्या नंबराला फोन केला तर तो यादीतून काढावा, आणि फोन कंपनीच्या बिलात किंवा तिच्या ॲपवर तो दिसू शकतो हे ध्यानात ठेवावे. संपूर्ण फोन कोरा केला तर बहुतेक हेरगिरीची ॲप्स जातात हे खरे. त्याबरोबर पुरावाही जातो, आणि जुनेच गूगल खाते पुन्हा भरले तर त्याच्याकडची किल्लीही पुन्हा लागू होते.

पुराव्याचे बोलतो. धमकीचा संदेश आला की आपल्या भगिनींचा पहिला हात जातो तो पुसण्याकडे. लाज वाटते, मुलांनी पाहू नये असे वाटते. पुसू नये. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो घ्यावा, तो विश्वासाच्या माणसाकडे सुरक्षित फोनवर पोचवावा, आणि मूळ संदेश असलेला फोन शक्यतो सांभाळून ठेवावा. न्यायालयात विजेवरच्या यंत्रातील पुराव्याची नक्कल दाखल करायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. आधी हे पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमात होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. प्रमाणपत्र सक्तीचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ज्या खटल्यात पक्के केले, तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा खटला होता. त्याच निकालात हेही सांगितले आहे की, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयापुढे ठेवून ते आपले असल्याची साक्ष दिली तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून म्हणतो, फुटका असला तरी तो जुना फोन भंगारवाल्याला देऊ नका.

कायदा कोणता? २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा झाला, ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक छळही धरला आहे. पगाराचे कार्ड काढून घेणे हा छळच आहे. त्याच्या १८ व्या कलमाखाली दंडाधिकारी असा हुकूम देऊ शकतात की, या माणसाने या स्त्रीशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक वा दूरध्वनीने कसलाही संपर्क साधू नये. हा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलागाच्या गुन्ह्यात स्त्रीच्या इंटरनेटच्या वापरावर, ईमेलवर पाळत ठेवणे स्पष्ट शब्दांत घातले आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या कलमात काही अपवाद आहेत, पण नवऱ्याला वगळल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ठाण्यावर “घरचा मामला आहे, घरी मिटवा” असे उत्तर मिळाले तर हे कलम वाचून दाखवावे. आम्ही कलमाचा मराठी मजकूर कागदावर घेऊन जातो. तोंडी वादापेक्षा कागदाचा उपयोग अधिक होतो.

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरवले. ते ऐकून आम्हाला आनंद झाला होता. पण जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की, पतीने पत्नीचे बोलणे तिच्या नकळत टिपून घेतले असले तरी घटस्फोटाच्या दाव्यात ते पुरावा म्हणून वाचता येईल. पती-पत्नी एकमेकांची हेरगिरी करू लागले असतील तर तो विवाह आधीच मोडकळीला आल्याचे ते लक्षण आहे, असा त्यामागील विचार. मला हा निर्णय पुरता पटलेला नाही. तो दोन्ही बाजूंनी कापतो. रात्री दोन वाजता दिलेली धमकी एखादी भगिनी टिपून ठेवते, तेव्हा तिला तो उपयोगी आहे, आणि तिने तो जरूर वापरावा. पण दोघांत फोन, पैसा आणि सवड ज्याच्या हाती जास्त, त्याच्याजवळ टिपणेही जास्त जमणार. तराजू समान धरला तरी दोन पारड्यांतले माप सारखे नाही.

उघडेवाघडे फोटो पसरवण्याची धमकी हे तर आजचे सर्वांत घाणेरडे हत्यार. अनेकींची पावले तिथेच थबकतात. त्यांनी एवढे जाणावे की असा फोटो संमतीवाचून पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई आणि ६७ ए या कलमांखाली गुन्हा आहे, मग तो फोटो तिने एके काळी प्रेमाने स्वतः पाठवलेला का असेना. २०२१ साली आलेल्या नियमांनी कंपन्यांवर असे बंधन आणले की, अशा तक्रारीवर हालचाल दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबात व्हावी. स्टॉप-एनसीआयआय नावाची एक परदेशी सेवा २०२१ पासून आहे. तिच्यात फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोची अंकांतली खूण तयार होते, तेवढी खूण मोठ्या कंपन्यांकडे जाते, आणि त्या खुणेशी जुळणारे चित्र चढू लागले की त्यांना ते अडवता येते. अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी ती आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही स्त्रियांवरील अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देता नोंदवता येते.

तातडीच्या प्रसंगी ११२, स्त्रियांच्या मदतीसाठी १८१, आणि खात्यातून पैसे काढले गेले तर १९३०, हे तीन नंबर फोनमध्ये साठवू नका, पाठ करा. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटाची कळ असावी असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरणे, अशी ती असते. आपल्या फोनवर ती कोणती आहे हे दुकानदाराला विचारून ठेवावे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कार्यालयातच स्त्रियांसाठी व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या छपराखाली, पण समाजकार्यकर्त्यांच्या हाती, अशी त्याची योजना. आज असे कक्ष राज्यभर आहेत. ‘सखी’ नावाची केंद्रे आहेत, संरक्षण अधिकारी आहेत. तेथे जाताना फोन घरी ठेवावा, किंवा दवाखान्याच्या, बाजाराच्या वाटेवर ओळखीच्या घरी ठेवून पुढे जावे. फोन बंद करून जाऊ नये. दोन तास बंद असलेला फोनही काही सांगून जातो.

शेवटी आपल्यासारख्या भोवतालच्या लोकांविषयी. अशा भगिनीचा नवा पत्ता तिच्या नवऱ्याला बहुतेक वेळा कोणत्याही ॲपने दिलेला नसतो, आपण दिलेला असतो. हळदीकुंकवाचा फोटो कोणीतरी चढवते, त्यात ती मागे उभी दिसते, भिंतीवर मंडळाचे नाव असते. शाळा वर्गाची यादी दाराला लावते. संघटना, बचत गट, मंडळे सगळ्या सभासदांना एका व्हॉट्सॲप गटात घालतात, आणि प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो. प्रवेशअर्जावर ‘पतीचा मोबाइल क्रमांक’ असा रकाना आपण सवयीने छापतो. आमच्या कचेरीने हा रकाना काढून त्या जागी ‘आपल्याला कोणत्या नंबरावर आणि किती वाजता फोन केलेला चालेल?’ असा प्रश्न घातला आहे. पुष्कळ जणी तो वाचून क्षणभर थांबतात. काही जणी तेथे ‘दुपारी २ ते ३’ असे लिहितात, काही नंबराच्या जागी शेजारणीचे नाव लिहितात, आणि काही जणी तो रकाना तसाच कोरा ठेवतात. कोरा रकाना असलेल्या अर्जांवर आम्ही फोन करत नाही. त्या भगिनी पुढच्या हजेरीला येतील तेव्हा त्यांच्याशी बोलतो.